हौदातली काडी

किसनराव : अवनी, आता तूच सांग हिले. म्हनून तं तुले राजापेठेतून बोलावलं. गुरुजी ओसरीत बसले, पळसाची पानं आली, अन् हे गोपालच्या क्रियेचा पुतळा बांधूच देत नाही.

सुभद्रा : माहा गोपाल परत येनार हाय, तं पानाचा पोरगा काहून जाळू मी?

अवनी : काकू, लाटा मोजायला गेलेली त्याची बोट दिवाळीत उलटली. आता संक्रांत आली. सगळीकडे शोधलं हो.

सुभद्रा : तू त्याच्यासंगंच काम करत होती नं? मंग तुले ठाऊक असंन. त्यानं मले याच ढोराच्या हौदात दाखोलं होतं. कपाशीच्या पराटीची काडी टाकली, हातानं लाटा केल्या. म्हने, माय, लाट पुढं जाते, पानी नाही जात. ते गोल फिरून आपल्या जागी परत येते. खोटं बोलला का तो?

अवनी : खोटं नाही. ते पहिलं, सोपं गणित. त्यात लाटेखालचा थेंब गोल फिरून जागेवर येतो.

सुभद्रा : आइकलं का, आवो?

अवनी : पण खरा समुद्र त्यात मावत नाही, काकू. पुढचं गणित सांगतं, तो गोल पुरता मिटत नाही. दर लाटेला थेंब जरासा पुढे सरकतो. शिवाय प्रवाह वेगळेच. गोपाल कुठे असेल, ते मी कितीदा मांडून पाहिलं. नाही येत मला सांगता...

किसनराव : राहू दे पोरी. रडू नको.

सुभद्रा : (हौदातली काडी बोटानं हलवत) मले दिसलं होतं थे.

अवनी : काय?

सुभद्रा : रोज सकाळी लाटा करून पाह्यतो मी. काडी जागची हालते. जराशीच, पन हालते. काठाले लागली का उचलून पुन्ना मंधात ठेवतो. कोनाले बोलली नाही.

किसनराव : सुभद्रे...

सुभद्रा : खाली कसं असते वं पानी? लय घुसळते का?

अवनी : नाही काकू. जितकं खोल, तितका तो गोल लहान. फार खाली तर वरची लाट पोचतच नाही. शांत असतं.

सुभद्रा : हे कोनत्या गनितात?

अवनी : दोन्ही गणितांत.

सुभद्रा : बरं... आवो, गुरुजीले म्हना, बांधा पुतळा. अन् पानं धुतली असंन तं कोरडी पुसून घ्या. लय दिस ओला हाय तो.