अमीनचाचांचे थांबे

चाची, आणि कळसच्या माझ्या सगळ्या माणसांनो,

मला बोलायला सांगितलंय. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना चालायला लावणं हे माझं काम. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. म्हणून जे नक्की माहीत आहे, तेवढंच सांगते. चाचींची परवानगी घेतली आहे.

चाचांचं बियाण्यांचं दुकान स्टँडजवळ, घर ओढ्यापलीकडं. येता-जाता ते थांबायचे. गिरणीपाशी थांबायचे. डेअरीपाशी थांबायचे. शाळेच्या भिंतीपाशी थांबायचे. "काय रं, वांग्याला भाव हाय का?" "सूनबाई, सासूचा गुडघा कसा हाय?" तुम्हा प्रत्येकाला त्यांनी असं कधीतरी विचारलंय. आपण म्हणायचो, चाचा बोलका माणूस.

मी सुट्टीला आले होते. चाचा माझ्याशी बोलत होते, पण हात पोटरीवर होता. चाललं की कळ, थांबलं की बरं. मी विचारलं. म्हणाले, "कुणाला सांगू नगं, पोरी. दवाखान्यात गेलं की पाय काढत्यात."

ही भीती होती. पाय जाईल, ही. त्या भीतीनं माणूस गप्प राहिला आणि गार पडलेला पाय शेगडीवर शेकत राहिला. अशा पायाला भाजलेलंही कळत नाही. तुमच्या घरी कुणी शेकत असेल, तर आजच थांबवा.

आम्ही त्यांना बारामतीला नेलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पाय काढायचा विषयच नाही. आधी बिडी बंद. रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तातली चरबी कमी करणारी गोळी, रोज. आणि चालणं. तेवढ्यानं भागलं नाही, तर फुगा घालून रक्तवाहिनी रुंद करता येते, किंवा बायपास करता येतो. मात्र जखम भरत नसेल, बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी यायचं.

चालणं माझ्याकडं आलं. चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला.

"दुखतंय म्हणून आलो, आन् तू आणखी दुखीव म्हणतीस? डाक्टर हायस का पोलीस?"

"पोलीस. चला."

बिड्या चाचींनी चुलीत घातल्या. थांबे हळूहळू गळाले. आधी गिरणी, मग डेअरी. एक दिवस चाचा घरापासून दुकानापर्यंत न थांबता गेले.

पुढच्या खेपेला मी आले, तर चाचा गिरणीपाशी एका आजींजवळ उभे. मी धावले. "दुखतंय का?"

"न्हाय गं. हिचा नातू आजारी हाय. इचारल्याबिगर पुढं कसं जाऊ?"

काल इथंच कुणीतरी म्हणालं, एवढं चालून काय मिळालं? शेवटी हृदयानंच नेलं ना? प्रश्न रास्त आहे. जो आजार पायाच्या रक्तवाहिन्यांत असतो, तो बहुतेकदा हृदयातही असतो. उपचारांनी धोका कमी होतो, संपत नाही. हे मी लपवणार नाही.

पण काय मिळालं, तेही सांगते. चाचा दोन्ही पायांवर गेले. शेवटच्या सकाळीही ते शाळेच्या भिंतीपाशी थांबले होते. दुखत होतं म्हणून नाही. तिथं कुणीतरी उभं होतं म्हणून.

आता सगळे उभे राहू या. ते आपल्यासाठी थांबायचे. आज दोन मिनिटं आपण त्यांच्यासाठी थांबू.