श्रीमंत व्हा, पण बेतानं!

आवं, मग अभिनंदन करायचं न्हाई तर काय गळा काढायचा हुता मानसिंगरावांनी? तुमीच सांगा! सातासमुद्रापलीकडनं बाईचा फोन येतो, म्हणती, 'आमच्या देशानं उत्पन्नाची रेष ओलांडली'... माणूस काय म्हणंल? 'काँग्रॅच्युलेशन, सिस्टर! पेढे कवा?' हेच म्हणंल का न्हाई? त्येनीबी तेच म्हटलं, वर खो खो हसलं... पन पलीकडं बाई काय हसली न्हाई!

आता ही बाई कोण? तुमास्नी सांगतो, आमचं मानसिंगराव, लोणंदचं, फौजेतनं रिटायर हवालदार. वीस वर्सांमागं शांतिसेनेतनं आफ्रिकेत गेल्तं. तितं ही मारिया नर्स, गावोगाव हिंडून पोरांस्नी लस टोचायची, आन् तिच्या संगं पहाऱ्याला हेंची गाडी. काय दिवस हुतं ते! एकदा पूल वाहून गेला, तर हेंनी लशीची बर्फपेटी डोक्यावर घेतली आन् छातीएवढ्या पाण्यात शिरलं. पलीकडच्या काठावर आया उभ्या, कडंवर पोरं... गोष्ट हितंवर आली की अजून त्येंच्या हातातला च्या गार हुतो. आमी शंभरदा ऐकलंय. तरी ऐकतो.

तर पेढ्याचं ऐकून बाई हळूच म्हणती, 'मानसिंग, रेष ओलांडली म्हणजे लशीची मदत बंद होत जाणार.'

हबकलंच की हो मानसिंगराव! लेक शिवांजली मिरजेला डॉक्टर, तिला फोन. ती म्हणती, 'आबा, सोपं आहे. अख्ख्या देशाचं उत्पन्न घ्यायचं, माणसांच्या आकड्यानं भागायचं, तीन वर्षांची सरासरी काढायची. रेषेच्या खाली असाल तर लशीला जागतिक संस्थेचा पैसा. वर गेलात की दरसाल तुमचा वाटा वाढणार, काही वर्षांनी सगळं तुमचं तुम्ही घ्यायचं.'

'आगं, पन श्रीमंत झालं कोन?'

'तांब्याच्या खाणी जोरात चालल्यात ना तिथं!'

'मग तांबं टोचायचं व्हय पोरांच्या दंडात?'

...पन रेष ओलांडली ना!

ती सरासरी काय त्येंच्या डोक्यातनं जाईना. आमच्या आळीत घरं चार. ट्रॅक्टर चार. चारी उदयसिंहाच्या दारात! म्हंजे सरासरीनं घरटी एक का न्हाई? गेलं की तडक आळीतल्याच धुळाकडं! धुळा बिचारा मेंढरं सोडत हुता. हे म्हणत्यात, 'धुळा, तुझा ट्रॅक्टर कुटं हाय रं?' त्येच्या हातातली काठीच पडली! 'आवं, कवा आला? चावी कुनाकडं हाय?' आता ह्येला काय सांगायचं... की गड्या, तूबी रेष ओलांडली?

परत आलं, वट्ट्यावर बसलं, आन् फोन लावला. 'सिस्टर, माफ करा. मी पेढं मागितलं.' लय जड गेलं त्येंना, मी शेजारीच हुतो. पन मारिया हसली! म्हणती, 'अरे, यंदाचा वाटा आमच्या सरकारनं भरलाय. परवाच माझ्या नातीला टोचली, रडून गाव गोळा केला तिनं!' मानसिंगरावांनी डोळं पुसलं. 'आन् फुडं?'

'पुढचं कोणाला ठाऊक? तांब्याचा भाव पडला तर रेषेच्या खाली येऊ, मदत मिळेलही कदाचित. पण मग खाणींच्या पैशाशिवाय आमच्या नर्सांचे पगार कोण करणार?'

तवापासनं, तुमास्नी सांगतो, मानसिंगराव रोज सकाळी देवाम्होरं हात जोडून हुबं ऱ्हात्यात. वर जाऊ दे म्हणावं तर लस जाती, खाली येऊ दे म्हणावं तर पगार जातो! घंटी तशीच हातात... शेवटी डोळं मिटून म्हणत्यात, 'देवा, त्या बाईच्या देशाची भरभराट कर... पन जरा बेतानं!'