सिनेमातला नांगर

बोईसर स्टँडवर घिवलीच्या एस्टीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर साठीपुढचं एक कोळी जोडपं नुकतंच सिनेमा बघून येऊन बसलं होतं. बाई तावातावाने बोलत होत्या.

“उडणारा माणूस, अंगात एवढं बळ, नि अख्ख्या सिनेमात एकदा तरी जेवला का?”

“पोरांचा सिनेमा हाय गं तो.”

“म्हणून खोटं दाखवायचं? हा बुडती बोट एकटा ओढतो, नि किनाऱ्यावरचे नुसते टाळ्या वाजवतात. आपल्या गावात बोट अडकली तर कोणी टाळ्या वाजवतं का? सगळे दोराला हात लावतात.”

“ते खरं.”

“वर बोट हलेना म्हणून घाम पुसत बसला. अरे, नांगर पाण्यातच हाय! असा येडा कुठं असतो का?”

“असतो.”

“कोण?”

“तुझा बा मला बघायला आला, तू बी संगती होतीस. मी ऐटीत इंजिन चालू केलं, नि बोट जागची हलली नाय.”

“हां, इंजिन बिघडलं म्हणालात.”

“नांगर उचलायचाच राहिला होता. तुझ्याकडं बघत होतो. चाळीस वर्सं बोललो नाय.”

“मला काय दिसत नव्हतं? दोर ताणलेला होता. बाबा म्हणाले, पोरगा कामाचा नाय, चल घरी.”

“मग?”

“मी म्हटलं, बाबा, त्या इंजिनाचा आवाजच बरोबर नव्हता.”