होस्टेलचा स्लॅब आन् सुमनची पेटी

आमची सुमन कालेजाला सातारला निघाली तवाचं सांगते. आमी कोयनानगरची माणसं. भुईकंपात आमचं कौलारू घर बसलं, तवापास्नं डोक्यावर काय हाय ते बघितल्याबिगर मी पोरांना कुटं निजवत न्हवते. पोरींचं होस्टेल व्हतं दुमजली, स्लॅबचं. मी म्हटलं, एवढं वजन पोरीच्या डोक्यावर? माघारी न्हेते हिला. सुमन रडाय लागली.

रेक्टरबाई हसल्या. "अहो मावशी, वर हत्ती नाचवलात तरी ही इमारत हलायची नाही."

म्हटलं, बघू तरी. सुमनची लोखंडी पेटी घिऊन मी वरच्या मजल्यावर गेले आन् डोक्यावरनं दाणकन फरशीवर टाकली.

खाली एकच वरडा उठला, "भूकंप! पळा!" खिडकीतनं बघितलं, तर समद्या पोरी आवारात, आन् समद्यांच्या म्होरं, अनवाणी, रेक्टरबाई.

मी खाली आले. म्हटलं, "बाई, स्लॅब पक्का हाय, चीर सुदिक पडली न्हाई. पोरीला ठिवते. पर खोली तेवढी तुमच्या शेजारची द्या. पळायची वाट तुमास्नी लय चांगली ठावी हाय."