स्प्रिंगांचा कौल

(कट्टा नावाच्या बाजारगावापासून कोसभर अंतरावरच्या गावातलं देवीचं देऊळ. गोवा मुक्त होऊन दोनेक वर्षं झालेली. सकाळ. देवळात गुरव धोंडू, टॅक्सीवाला सत्यवान आणि त्याचा मिस्त्री बाबू.)

धोंडू : ...ता सगळा आयकलंय. पण तेच्या आदी ह्या सांग बाबू, हात खंय बुडवून इलंस? कोपरापासून काळो कोळसो झालो आसा.

बाबू : ग्रीस आहे. जात नाही. बारा वर्षं मुंबईत ग्यारेजात होतो, तेव्हापासूनचं आहे.

धोंडू : देवीसमोर मुंबयची भाषा नको. तिका कळाची नाय.

सत्यवान : धोंडूमामा, तेका सोडा. मशीन म्हटला की तो तसोच बोलता. राग इलो की आपोआप मालवणीर येता. तुमी कौल लावा. ह्यो उजव्या अंगाक म्हापशाच्यो स्प्रिंगी, आणि डाव्या अंगाक जुन्या मापाच्यो. आठ-आठ आसत.

धोंडू : रे, आजपावत देवीन बैलांचो कौल दिल्यान, बागेचो दिल्यान, लग्नाचो दिल्यान. स्प्रिंगींचो पयलोच. तिका नीट समजावन सांगूक होया. आणि तेच्या आदी माका.

बाबू : ऐका. इंजिनात आठ दारं असतात. व्हॉल्व म्हणतात त्यांना. काही पेट्रोलची वाफ आत घेतात, काही जळका धूर बाहेर सोडतात. दार उघडायचं काम कॅमचं, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचं, लावायचं स्प्रिंगचं. ह्याच्या जुन्या स्प्रिंगा दबून दबून दोन सूत आखूड झाल्यात. दारं वेळेवर लागत नाहीत. संपलं.

धोंडू : म्हणजे आमच्या मागीलदारासारा. वारो इलो की धाड-धाड.

बाबू : तसंच समजा. म्हणून नव्या घालायच्या, पण मापाच्या. इंजिन बनवताना जेवढा जोर ठरवलाय तेवढ्याच जोराच्या.

सत्यवान : आणि ह्यो म्हापशाच्यो दीडपट जोराच्यो! गोवा सुटल्यापासून थंय काय मिळणा नाय? दुकानदारान माका सांगल्यान, ह्यो शर्यतीच्या मोटारीच्यो. ह्यो बसयल्यार गाडी झाडार चढतली.

बाबू : तुका घाटी चढूची आसा रे, झाड नाय!

धोंडू : इलो. राग इलो.

बाबू : दीडपट जोर म्हणजे दार उघडायलाही दीडपट जोर. तो कोण देणार? कॅम. वर्षभरात कॅम घासून सपाट. मग हाच माझ्याकडे येणार, बाबू, इंजिनात कोण खोकतंय बघ जरा.

धोंडू : बघूया म्हापशाची कसली ती. बोटान दाबतंय हां. गे बाये! दगड आसा की काय!

बाबू : दोन बोटांत धरू नका, निसट...

सत्यवान : गेली!

धोंडू : घंटा! घंटा वाजली! मेल्यानू, देवीची घंटा आपोआप वाजली!

बाबू : आपोआप? तुमच्या बोटांतून सुटली नि घंटेर आपाटली. माझ्या कानाकडसून गेली!

सत्यवान : मामानू, ह्योच कौल! इतक्यो स्प्रिंगी आसत, पण म्हापशाचीच उठली आणि घंटेकडे गेली. देवी म्हणता, हीच होयी.

बाबू : मापाची उचलली असती तर ती गेली असती.

सत्यवान : पण उचलूची बुद्दी कोणी दिल्यान?

धोंडू : घाई नको. गाऱ्हाण्याआदी वाजली ती मोजूची नाय. आदी ती स्प्रिंग शोधा.

बाबू : समईत पडलीय. तेलात. बरं झालं, गंजणार नाही.

धोंडू : ऱ्हवांदे थंयच. आता देवीच्या अंगार दोनय बाजूक पाकळ्यो लायल्यंय, खंयची आदी पडता ता बघूया. उबे ऱ्हवा, हात जोडा. मी बोलतंय, तुमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणा. गे आई माउली, ह्या तुझा लेकरू सत्यवान आज तुझ्या पायाकडे इला आसा!

सत्यवान : व्हय म्हाराजा!

धोंडू : तेच्या मोटारीच्या पोटात आठ दारा आसत, ती वाऱ्यान धडधडतत!

सत्यवान : व्हय म्हाराजा!

बाबू : वाऱ्याने नाही. वेळ चुकते त्यांची.

धोंडू : ‘व्हय म्हाराजा’ म्हण!

बाबू : चुकीचं आहे तर व्हय कसं म्हणू?

सत्यवान : बाबू!

बाबू : व्हय म्हाराजा.

धोंडू : तर माये, म्हापशाची होयी तर उजवी पाकळी दी, मापाची होयी तर डावी दी, आणि तुझ्या लेकराक वाट दाखय! आता गप ऱ्हवा. कोणी खोकाचा नाय.

सत्यवान : हलली काय?

धोंडू : नाय.

सत्यवान : आता?

धोंडू : तूच हलतंस. ती नाय.

बाबू : पाव तास झाला. माझ्याकडे एक लॉरी उभी आहे.

धोंडू : देवी गप आसा. म्हणजे गाऱ्हाण्यात कायतरी सांगूचा ऱ्हवला. अर्धा लपयला की ती बोलणा नाय. सत्या, गाडी बंद पडली खंय? सगळा सांग.

सत्यवान : घाटयेर. बायलेक, सरलाक, सातवो लागलो म्हणान सासू कुणकेश्वराहून तिका न्हेवक इली, बाळंतपणाक. मी म्हटलंय, एसटी कित्याक? जावयाची टॅक्सी आसा! अर्ध्या घाटयेर गाडी धापा टाकूक लागली, आणि बंद. परत चालू केलंय, परत बंद.

धोंडू : मगे?

सत्यवान : मगे काय. हौसाबाईन काष्टो आवळल्यान आणि ढकलल्यान.

धोंडू : सासवेन?

सत्यवान : माथ्यापावत. सरला पोट धरून मागसून चालता, आणि मी आत स्टेरिंगार. वर पोचल्यार सासू म्हणता, ‘जावयानू, माझ्या चेडवाक आणि नातवाक न्हेवक येशात तेवा ही पेटी घरी ठेवा. एसटीन येवा.’ मी थंयच सांगलंय, येयन तर ह्याच गाडयेन! ह्याच घाटयेन! आणि कोणाक खाली नाय उतरवता!

बाबू : थांब. घाटीवर कितव्या गिअरात होतास?

सत्यवान : तेचो हंय काय संबंध?

बाबू : देवीसमोर विचारतोय.

धोंडू : सांग रे. ती आयकता.

सत्यवान : टॉपात.

बाबू : काय?

सत्यवान : टॉपात होतंय.

बाबू : घाटयेर? टॉपात? तीन माणसा आणि ट्रंक घेवन?

सत्यवान : दोन फणस पण होते.

बाबू : पयल्यार कित्याक नाय घातलंस, मेल्या?

सत्यवान : पयल्यार गाडी रडता रे! ऊं ऊं ऊं करता. सासू बाजूक बसलेली. तिका काय वाटाचा? जावयाची गाडी रडता म्हणान! टॉपात कशी, गप जाता. सायबाच्या गाडयेसारी.

बाबू : गप जाता नाय, गप पडता! चार म्हयने हेचा इंजिन माझ्या टेबलार उघडा आसा! चार म्हयने मी एकेक स्प्रिंग मापतंय, ह्यो म्हापशाक जाता, येता, माका शर्यतीच्यो गजाली सांगता! पयल्यार घातलंस असतंस तर त्या म्हाताऱ्या स्प्रिंगींर सुदीक तुझी सासू, तिचे फणस आणि वर धोंडूमामा चढले असते! शिरा पडो तुझ्या टॉपार!

धोंडू : देवळात शिव्यो नको. पण हेचा मालवणी बरा आसा.

सत्यवान : म्हणजे स्प्रिंगी बदलूच्योच नाय?

बाबू : बदलायच्या. आखूड झाल्यात त्या झाल्यातच. पण मापाच्या. आणि पहिला गिअर घाटीसाठीच असतो. रडला तर रडू दे, चढतो ना?

सत्यवान : माका वाटला, घट्ट स्प्रिंगी घातल्यार टॉपातच चढतली.

बाबू : नाही चढत.

सत्यवान : मगे घाल मापाच्यो.

धोंडू : ता एक झाला. पण पाकळी अजून आपल्या जाग्यार आसा. आणि काय ऱ्हवला? सरलाक झील झालो की चेडू?

सत्यवान : चेडू. कावेरी नाव ठेवल्यानी.

धोंडू : ठेवल्यानी? बारशाक तू नाय होतंस?

सत्यवान : इंजिन उघडा होता.

धोंडू : आणि मगे?

सत्यवान : मगेय उघडाच होता. सरलाचा पत्र इला. लिवल्यान, नाक तुमच्यासारा आसा. मामा, पन्नासदा वाचलंय ता पत्र. सासूक काय काय उत्तरा देवची ती सगळी पाठ आसत माका. पण डोळे मिटून चेडवाचा तोंड बघूक गेल्यार कायच दिसणा नाय. फक्त नाक. ता पण माझाच. लाज वाटता रे.

बाबू : मला वाटलं, तू बघून आलास. विचारलं नाही मी.

धोंडू : केवडी झाली?

सत्यवान : दोन म्हयने आणि सा दिस.

धोंडू : पोरांची नाका बदलतत हां. आमच्या मथुराचा जन्मताना माझ्यासारा होता. रांगूक लागली तोपावत आवशीचा झाला. आता कोण मानणा पण नाय.

सत्यवान : बदलता?

धोंडू : बदलता तर.

सत्यवान : बाबू, गाडी केवा होतली?

बाबू : आजपासून धरलं तर आठ दिवस. रात्र जागलो तर सहा.

सत्यवान : कुणकेश्वराक जावक देवगडाची एसटी कट्ट्यार कितीक वाजता येता?

बाबू : साडेदहाला. पण तू? एसटीत? तिकीट काढून? सगळो स्टँड हसतलो रे.

सत्यवान : हसांदेत.

धोंडू : थांब, थांब. असो उठान जाव नको. परत गाऱ्हाणा घालतंय. गे आई माउली, ह्या तुझा लेकरू आज एसटीन...

सत्यवान : ऱ्हवांदे, मामा. ह्या माझा माका कळता.