खबर कोण देतं?

मी पनवेलला अंगणवाड्यांची सुपरवायझर होते ना, नव्वदीच्या सुमाराला, तेव्हाचं सांगते. शिरढोणच्या पुढे एका वाडीवरची अंगणवाडी माझ्याकडे होती. कधीही न कळवता जा, पटावरची सगळी पोरं हजर आणि चुलीवर खिचडी. पण खिचडी नेहमी नुकतीच उकळायला लागलेली! अकराला जा नाहीतर एकला जा, शिजलेली कधी दिसलीच नाही. तिथेच माझं डोकं सणकलं.

सेविकेला विचारलं, “मी येणार ही खबर तुम्हाला कोण देतं?”

“अहो मॅडम, मला कोण सांगणार?”

मी आधी ऑफिसातल्या शिपायावर संशय घेतला, मग क्लार्कवर. शेवटी एक दिवस नवऱ्यालासुद्धा न सांगता एसटी पकडली. फाट्यावर उतरले, तर चिंचेखाली बसलेली पाचेक वर्षांची पोर मला बघताच वाडीकडे पळत सुटली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

“कुठे पळतेस? बाईंनी बसवलंय ना तुला इथे?”

“नाय. मीच बसते रोज.”

“कशाला?”

“तुमी आल्या असं सांगितल्याबिगर बाई चूल पेटवत नाय. सोडा ना, भूक लागलीय.”

सेविकेच्या वहीत कडक शेरा मारायचा तो मी मारलाच गं. पण आधी त्या पोरीचा हात सोडला, आणि अर्ध्या तासाची वाट मुद्दाम पाऊण तास चालत राहिले.