मिठाची जमीन आणि स्फाक्सचे व्याही

...आणि वर मलाच विचारतात, इथं काही उगवतं का म्हणून! अहो, उगवलेलं डोळ्यांपुढे उभं आहे, कमरेएवढी आर्टिचोकची झुडपं, एकेक बोंड माझ्या मुठीत मावत नाही, आणि हा गृहस्थ बांधावर उभा राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान हलवत म्हणतो, ‘लल्ला शादलिया, या जमिनीत मीठ आहे. रोमन लोकांनी इथलं हे कार्थेज जाळलं, वरून नांगर फिरवला आणि मीठ पेरलं. इथं काही पिकायचं नाही.’ तुम्हाला सांगते, माझ्या हातात तेव्हा कोयता होता. पण व्याही होणार होते ना... ठेवला खाली.

आता मला सांगा, मीठ काय फुकट येतं?

हे सी मुन्सिफ; आमच्याकडे मानाच्या माणसाला सी म्हणतात, बाईला लल्ला. तिकडे दूर दक्षिणेला, स्फाक्स शहरचे. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. यांचा मुलगा नौफेल आणि माझी ओल्फा, दोघांचं जमलेलं, आम्ही फक्त मान डोलवायची होती. दुपारी फातिहा वाचून सोयरीक पक्की करायची, मिठाई वाटायची, संपलं. मधे एकच गोष्ट होती. पोरांना राहायचं होतं इथं. नौफेल शेतीचं शिकलाय, जुन्या रोमन टाक्यांच्या खालच्या अंगाला माझा जो तुकडा आहे तिथं त्याला रोपवाटिका काढायची होती, आणि राहायला आमच्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्या. एकुलती एक पोर, तीही भिंतीपलीकडे! कणीक मळता मळता हाक मारली तर ऐकू जाईल. बाईमाणसाला आणखी काय हवं असतं हो?

तर सी मुन्सिफ काय म्हणाले? म्हणाले, ‘मुलगी आम्हाला पसंत आहे, जमीन नाही. पोरं स्फाक्सला राहतील. खारट मातीत मी माझ्या मुलाचा संसार पेरणार नाही.’ संसार पेरणार नाही! बोलायला मास्तर ते मास्तरच. आणि स्फाक्स काय इथं आहे? भाड्याच्या गाडीत गुडघे हनुवटीला लावून बसायचं, शेजारचा झोपला की त्याचं डोकं आपल्या खांद्यावर, आणि पोहोचेपर्यंत पोरीसाठी केलेल्या कुसकुसाचा गोळा. म्हणजे मी लेकीला बघायचं ते ईदला आणि बाळंतपणाला.

आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं बोला काहीतरी. हे म्हणाले, शिकलेला माणूस आहे, उगाच सांगत नसेल. घ्या! याच जमिनीतलं खाऊन ढेरी सुटली, आणि तीच ढेरी खाजवत हे म्हणतात, उगाच सांगत नसेल. नौफेलनं तर माती तपासून घेतली होती, मिठाचा लवलेश नाही, मला त्यानंच सांगितलेलं. पण बाप समोर आला की हा मुलगा स्वतःचे बूट बघत बसतो. जसे काही आजच घेतलेत.

शेवटी बोलली माझी ओल्फा. इथंच वर टेकडीवर, कार्थेजच्या संग्रहालयाच्या तिकीट-खिडकीवर असते ती. खाली मान घालून, अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘काका, त्या लढाईबद्दल जुन्या लोकांनी जे लिहून ठेवलंय, त्यात मिठाचा शब्दसुद्धा नाही. शहर जाळलं ते खरं. मीठ कुणीतरी दोनेक हजार वर्षांनी त्यात घातलं, आणि मग एकाचं वाचून दुसरा लिहीत गेला.’ आणि पुढे म्हणाली की त्याच रोमन लोकांनी नंतर इथंच नवं शहर वसवलं, आणि आपल्याकडचा गहू जहाजं भरभरून रोमला न्यायचे.

मग मला कोण अडवतंय? मी पाचवी शिकलेली, पण एवढं मला कळतं. म्हटलं, आधी जमिनीत मीठ कालवायचं आणि मग तिथंच राहायला यायचं, काय डोकं फिरलं होतं का त्यांचं? आणि अख्ख्या शहरावर पसरायचं म्हणजे किती मीठ लागेल? आणलं कुठून, वाहिलं कुणी? मीठ काय फुकट येतं?

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पण सी मुन्सिफ बांधावर खालीच बसले, इस्त्रीच्या पँटनिशी, मातीत. हळूच म्हणाले, ‘तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. पोरं पाठ करायची.’

त्यांच्या बायकोनं, लल्ला मोंजियानं, पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मी मनात म्हटलं, शादलिया, तू जिंकलीस आणि पोरगी घालवलीस. सोयऱ्याच्या दारात असा खाली बसलेला माणूस उठतो तो मिठाईचा खोका काखोटीला मारूनच उठतो. आणि खरं सांगू? वाईटही वाटलं. तीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत हो.

म्हटलं, ‘सी मुन्सिफ, तुमचं बरोबर आहे. मीठ टाकलं होतं.’

ओल्फानं असं बघितलं माझ्याकडे...

‘टाकलं होतं,’ मी म्हटलं, ‘पण मीठ काय फुकट येतं? एवढं मीठ उघड्यावर पडलेलं, ना धनी, ना राखण. ही बातमी स्फाक्सला पोहोचल्यावर तुमची माणसं ते तसंच पडू देतील?’

तुम्हाला स्फाक्सवाले माहीत नाहीत. ईदच्या सकाळी सगळा देश गोड खातो, हे खारवलेला मासा खातात. मिठागरं त्यांची, हिशेब त्यांचा, पाव शिळा झाला तर त्याचीही चार पक्वान्नं करतील. ओल्फानं तोंड उघडलं, तेव्हा स्फाक्स वसलंच नव्हतं म्हणून सांगायला. मी तिच्या पायावर पाय दिला.

सी मुन्सिफनी मान वर केली. विचार केला. म्हणाले, ‘गाढवं घेऊन आले असतील.’

म्हटलं, ‘गाढवं घेऊनच.’

लल्ला मोंजिया म्हणाली, ‘केरसुण्यासुद्धा आणल्या असतील.’

‘दाणा न दाणा टिपला असणार,’ असं म्हणत सी मुन्सिफ उठले, पँट झटकली, छाती ही एवढी. ‘वाया घालवायची आमच्यात पद्धतच नाही. म्हणजे जमीन साफ आहे.’

‘तुमच्याच माणसांनी केलेली,’ मी म्हटलं. नौफेलनं पहिल्यांदा बुटांवरून नजर काढली.

झाला फातिहा. झालं लग्न. आता ओल्फा भिंतीपलीकडे आहे, मी हाक मारते, ती ओ देत नाही, पण ऐकते, मला कळतं. रोपं लागलीत, पोरं सुखात, मीही सुखात... पण इतिहासाचं काय? तो पार हातातून गेला हो. सी मुन्सिफनी स्फाक्सच्या कॅफेत सगळ्यांना सांगितलं. आता तिकडून जो पाहुणा येतो त्याला माझ्या शेतात आणून गाढवं कुठं बांधली होती ती जागा दाखवतात. परवा ओल्फा म्हणाली, ‘यम्मा, शाळेची सहल आली होती, मास्तरीणबाई मला विचारतात, ती केरसुण्यांवाली जमीन कुठली?’

आणि गेल्या शुक्रवारी व्याही जेवायला. मी आर्टिचोक भरून केले होते, खिमा, कोथिंबीर, सगळं जिथल्या तिथं. एक घास खाल्ला, डोळे मिटले, चावला, आणि म्हणतात कसे, ‘लल्ला शादलिया, भाजी जरा अळणी आहे. तुमचा दोष नाही... आमच्या लोकांनी तेव्हा थोडं जास्तच उचललं.’

मी मीठदाणी पुढे सरकवली.